काटकसरीच्या वाटेने मलेशिया

बाळापूर हे संगमावरचे गाव आहे. मन आणि म्हैस या दोन नद्या जेथे भेटतात, तेथल्या उंचवट्यावर किल्ल्याचे विटांचे बुरूज उभे आहेत. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पूर्ण केले, असा इतिहास सांगतात. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ आहे व गावाचे नावही तिच्यावरूनच पडले. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची काळ्या दगडाची छत्री आहे. राजपूत राजाची छत्री, मोगल शहजाद्याचा किल्ला, देवीचे ठाणे, मशिदी आणि दर्गे, आणि या सर्वांच्या मधून जाणारी बाजारपेठ, हे सारे अर्ध्या तासाच्या पायपिटीत पाहून होते. येथे वाढलेल्या माणसाला अनेक धर्मांचे, अनेक भाषांचे गाव म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

असा माणूस कुआला लंपूरला उतरतो, तेव्हा त्याला पहिली ओळख पटते ती तेथील नदीची. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्यांच्या संगमावर हे शहर वसले आहे आणि मलय भाषेत त्याच्या नावाचा अर्थच ‘चिखलाचा संगम’ असा होतो. १८५७ च्या सुमारास कथिलाच्या खाणी शोधीत आलेल्या लोकांनी येथे झोपड्या घातल्या. आज त्याच जागी आकाशाला टेकलेल्या इमारती आहेत. पण संगमाच्या नेमक्या टोकावर १९०९ मध्ये बांधलेली जामेक मशीद अजून उभी आहे. तिच्या कमानी, घुमट आणि लाल-पांढऱ्या विटांचे पट्टे पाहून वऱ्हाडी माणसास मोगल बांधणीची आठवण व्हावी, हे साहजिकच आहे, कारण इंग्रज वास्तुविशारदाने हिंदुस्थानातील मोगल इमारतींचा नमुना समोर ठेवूनच ती रचली होती. हजारो कोस दूर आल्यावर प्रवाशाला प्रथम दिसते ते आपल्याच ओळखीचे काही.

मलेशियाचा प्रवास आता वऱ्हाडातील मध्यम व्यापारी घरालाही आवाक्याबाहेरचा राहिलेला नाही. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय नागरिकांना तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसाची अट शिथिल झाली आहे. पोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी ते एकदा पाहून घेणे शहाणपणाचे. बाळापूरहून एस.टी.ने अकोला, अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई आणि मुंबईहून सुमारे पाच तासांचे विमान, असा हा मार्ग आहे. स्वस्त विमान कंपनीचे तिकीट काढणाऱ्याला हाताशी सात किलोचेच सामान नेता येते. त्यात दोन जोड कपडे, खाकऱ्यांची पाकिटे आणि कोरड्या चटणीची डबी एवढे बसले तरी पुष्कळ झाले. रिंगिट या तेथील नाण्याचा भाव साधारण वीस रुपयांच्या आसपास असतो. विमानतळावरून शहरात येणाऱ्या जलद आगगाडीला पंचावन्न रिंगिट पडतात. त्याच ठिकाणी नेणारी बस त्याच्या पाव भाड्यात पोचवते. फरक अर्ध्या तासाचा, पण वाचलेल्या पैशांत दोन दिवसांचा चहा-नाश्ता निघतो. परदेशी पाहुण्याकडून निवासस्थानी खोलीमागे रात्रीला दहा रिंगिट पर्यटन करही घेतात, तो हिशेबात आधीच धरावा.

काटकसरीचा एक लाभ असा की, तो माणसाला हॉटेलच्या काचेआड बसू देत नाही. महागड्या वाहनातून फिरणाऱ्याला मलेशिया म्हणजे उंच मनोरे आणि दुकानांचे मजले एवढेच दिसते. बसने आणि लोकल गाडीने जाणाऱ्याला शेजारी बसलेली माणसे दिसतात. एकाच डब्यात डोक्यावर रुमाल बांधलेल्या मलय विद्यार्थिनी, वर्तमानपत्र वाचणारे चिनी आजोबा, कपाळाला भस्म लावलेला तमिळ कारकून आणि बांगलादेशातून आलेला मजूर असतो. २०२० च्या जनगणनेनुसार देशाच्या नागरिकांत मलय व इतर मूळ रहिवासी मिळून सुमारे ६९ टक्के, चिनी वंशाचे २३ टक्के आणि भारतीय वंशाचे पावणेसात टक्के आहेत. भारतीयांपैकी बहुतेक तमिळ. इंग्रजांच्या अमलात रबराच्या मळ्यांवर, रेल्वेच्या कामावर आणलेल्या मजुरांचे हे वंशज. थोडे पंजाबी, मल्याळी, तेलुगू आणि गुजराती.

जुन्या शहरात पायी फिरले, तर ही मिसळण रस्त्यारस्त्यांवर वाचता येते. चिनी वस्तीच्या ऐन मध्यावर १८७३ मध्ये स्थापन झालेले श्रीमहामारियम्मन मंदिर आहे आणि समोरच चिनी युद्धदेवता ग्वानदी याचे देऊळ. एकीकडे नादस्वरम् वाजते, दुसरीकडे उदबत्त्यांची मोठी वेटोळी जळत असतात, आणि दोन्हींच्या मधल्या पदपथावर फुलांचे हार विकणाऱ्या बाईकडे दोन्ही बाजूंचे भाविक येतात. थैपुसमच्या उत्सवात याच मंदिरातून चांदीचा रथ बातू गुहांकडे निघतो. त्या गुहांना लोकल गाडीने जाता येते व भाडे तीन रिंगिटांच्या आत आहे. तेथे मुरुगनची ४२.७ मीटर उंचीची सोनेरी मूर्ती आहे व गुहेपर्यंत चढण्यास २७२ पायऱ्या आहेत. पायऱ्या चढणाऱ्या गर्दीत चिनी कुटुंबेही पुष्कळ असतात. नवस बोलायला देवाची जात पाहावी लागत नाही, असे त्यांच्याकडे पाहून वाटते.

जैन प्रवाशाचा खरा प्रश्न मात्र देवळांचा नसून ताटाचा असतो. मलय जेवणात शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांतही सुक्या मासोळ्या असतात आणि चटणीत कोळंबीचे वाटण मिसळलेले असते. ‘हलाल’ अशी पाटी असली, म्हणजे इस्लामी आहारनियमांची हमी, शाकाहाराची नव्हे. प्रवासी साहजिकच तमिळ खानावळीकडे वळतो. केळीच्या पानावर भात, सांबार, दोन भाज्या, पापड असे जेवण तेथे मिळते, पण कांदा-लसणाशिवाय तेथे पळीही हलत नाही. मलय भाषेत कांद्याला ‘बावांग’ म्हणतात व लसणाला ‘पांढरा बावांग’. हा एक शब्द शिकला आणि मान हलवून नकार देता आला, की निम्मे काम होते. गमतीची गोष्ट ही की, ज्या कांद्याला वऱ्हाडचा श्रावक तेथे नको म्हणतो, तो कित्येकदा महाराष्ट्रातूनच गेलेला असतो. भारतीय कांद्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत मलेशियाची गणना होते.

मग त्याला त्याच्या स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळचे ताट कोठे मिळते? जेथे मिळेल असे त्याला स्वप्नातही वाटले नसते, तेथे. चिनी बौद्धांच्या शाकाहारी खानावळीत! महायान बौद्ध परंपरेत पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानल्या आहेत. कांदा, लसूण, कांद्याची पात आणि तिच्या जातीच्या इतर पाती त्यात येतात. विकार वाढवणारे ते खाऊ नये, असा त्यामागील विचार आहे व तो ऐकताना श्रावकाला काही नवे ऐकतो आहोत असे वाटत नाही. एवढेच की, त्यांच्या पुष्कळ याद्यांत पाचवा क्रमांक हिंगाचा असतो! कांदा सोडलेल्या जैन घराचा सारा भार ज्या हिंगावर, तोच तेथे निषिद्ध. चांद्र मासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या जवळपास, पुष्कळ चिनी माणसे मांस सोडतात व या खानावळींत गर्दी होते. तिथी पाळणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला या गर्दीचे कारण सांगावे लागत नाही.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात पहिले नऊ दिवस ‘नऊ सम्राट देवां’चा उत्सव असतो. बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतो. त्या नऊ दिवसांत पिनांगमध्ये आणि कुआला लंपूरजवळच्या आंपांग गावी रस्त्याच्या दोन्ही कडांना शाकाहारी पदार्थांच्या गाड्या लागतात, त्यांवर पिवळ्या पताका फडकतात, आणि व्रत धरलेली माणसे पांढरे कपडे घालून देवळात येतात. आश्विनात नवपदाची ओळी करणाऱ्या घरांतील माणसाला तेथे उभे राहिल्यावर जे वाटते, ते शब्दांत मांडणे सोपे नाही. तत्त्वज्ञान निराळे, देव निराळे, भाषा तर कानाला अगदीच परकी. आणि तरी नऊ दिवस जिभेवर ताबा ठेवणारी ही माणसे त्याला अनोळखी वाटत नाहीत.

तथापि सावधपण सोडून चालत नाही. या खानावळींत गाजर, मुळा, बटाटा ही कंदमुळे आणि अळंबी सर्रास वापरतात. काही ठिकाणी अंडेही चालते. शिवाय सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून मासळीच्या किंवा बदकाच्या आकाराचे पदार्थ करण्याची तेथे मोठी हौस आहे. त्यात मांसाचा कणही नसतो. पण ज्या आकाराची कल्पनाही मनाला नको, तो आकार ताटात वाढून घ्यावा काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्या भावाप्रमाणे सोडवायचा. वाफवलेला भात, सोयाबीनचे दहीवजा चौकोनी तुकडे, हिरव्या पालेभाज्या आणि दुधी बोट दाखवून मागता येतात, आणि पोटभर जेवण पन्नासेक नव्हे तरी आठ-दहा रिंगिटांत होते. फळांची तर रेलचेल. मात्र फणसाचा चुलतभाऊ शोभणाऱ्या दुरियानचा वास प्रथमच घेणाऱ्याने जरा अंतर राखून घ्यावा.

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याला हा देश अनपेक्षितपणे सोयीचा आहे. विषुववृत्त जवळ असल्यामुळे दिवसाची लांबी वर्षभर जवळपास सारखी राहते. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असल्याने कुआला लंपूरला सूर्यास्त बाराही महिने सात ते साडेसातच्या दरम्यान होतो. सकाळी सूर्योदयही सातच्या आसपास, म्हणून नवकारशी येते आठच्या सुमारास. दिवसभर फिरून साडेसहाला चौविहारापुरते जेवण उरकणे मुळीच जड जात नाही. दर्शनाची ओढ असणाऱ्यास कुआला लंपूरच्या बांगसर भागात आणि पेराक राज्यातील इपोह शहरात जैन मंदिरे आहेत. परदेशी मुलुखात ओळखीच्या प्रतिमेसमोर दोन मिनिटे उभे राहिले, की पायांचा शीण उतरतो.

भाषेचा अडसरही वाटतो त्यापेक्षा कमी आहे. इंग्रजी बहुतेकांना कळते. पण कान देऊन ऐकणाऱ्याला मलय भाषेतही आपली नाणी खणखणताना ऐकू येतात. ‘भाषा’ला तेथे ‘बाहासा’ म्हणतात, देशाला ‘नगारा’, धर्माला ‘आगामा’, उपवासाला ‘पुआसा’. रमजानच्या उपवासालाही हाच शब्द. किमतीला ते ‘हार्गा’ म्हणतात, तो संस्कृत ‘अर्घ’ शब्दाचा वंशज. व्यापाराला ‘नियागा’ म्हणतात, त्यात वाणिज्य दडलेले आहे. आणि नफ्यासाठी एक शब्द ‘लाबा’ असा आहे. दिवाळीला वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिणाऱ्या घरातील माणसाला तो कानावर पडताच ओळखीचे हसू येते. हे शब्द तेथे राजांच्या सैन्याबरोबर गेले नाहीत. गलबतांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर आणि पंडितांबरोबर गेले.

याच गलबतांच्या इतिहासाचे गाव म्हणजे मलाक्का. राजधानीहून बसने ते दोन-अडीच तासांवर आहे. वाटेत दोन्ही बाजूंना मैलच्या मैल तेलताडाच्या रांगा लागतात. कधी काळी येथे रबर होते; आता पामतेल आहे आणि त्याच्या उत्पादनात मलेशियाचा क्रमांक जगात इंडोनेशियाच्या खालोखाल लागतो. बाळापूरच्या किराणा दुकानातील पामोलिनच्या डब्याचे मूळ या झाडांत असते, आणि या तेलाची आयात स्वस्त झाली, की वऱ्हाडात सोयाबीनच्या भावावर त्याची सावली पडते. बसच्या खिडकीतून बाहेर पाहणाऱ्या व्यापाऱ्याच्या मुलाला ही हिरवी रांग नुसती शोभेची वाटत नाही. तिच्यात त्याला आपल्या अडतीचा भाव दिसतो.

पंधराव्या शतकाच्या आरंभी परमेश्वर नावाच्या राजपुत्राने मलाक्का वसवले. चीनहून येणारी आणि हिंदुस्थानातून जाणारी जहाजे वाऱ्याच्या दिशेवर चालत. एक वारा संपून दुसरा सुरू होईपर्यंत त्यांना मध्ये कोठेतरी थांबावे लागे. तो थांबा म्हणजे मलाक्का. सोळाव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेला पोर्तुगीज अधिकारी तोमे पिरेस याने बंदरात चौऱ्याऐंशी भाषा कानी पडतात, असे नोंदवून ठेवले आहे. सुलतानाने परक्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर नेमले होते. त्यांपैकी एक केवळ गुजरातच्या व्यापाऱ्यांसाठी होता, कारण त्यांचा व्यवहार सर्वांत मोठा. दुसरा कलिंग, बंगाल, पेगू यांकडच्या व्यापाऱ्यांचा, तिसरा जावा व मसाल्याच्या बेटांकडच्यांचा, चौथा चिनी व पूर्वेकडील इतरांचा. आपापल्या लोकांचे जहाज आले की माल उतरवणे, वखार मिळवून देणे, तंटे मिटवणे ही कामे त्या त्या शाहबंदराची. गुजरातचे कापड घेऊन गेलेले वाणी आणि मुसलमान व्यापारी एका गलबतात बसून जात आणि लवंग, जायफळ, कथिल घेऊन परतत.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. मलाक्काच्या राजाने कोणाला आपला धर्म सोडायला लावून व्यापारी गोळा केले नाहीत. प्रत्येक समाजाला त्याच्या चालीरीती, त्याचा मुखत्यार, त्याची वस्ती दिली; बाजार मात्र सर्वांचा एक ठेवला. म्हणूनच दूरचा माणूस तेथे आपले भांडवल घेऊन येण्यास धजला. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी तोफांच्या बळावर शहर घेतले आणि मुसलमान व्यापाऱ्यांशी वैर धरले, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी आपली जहाजे आचेहसारख्या दुसऱ्या बंदरांकडे वळवली. बंदर तेच, पाणी तेच, वारेही तेच. पण विश्वास गेला तसा व्यापार पांगला.

पुढे १६४१ मध्ये डच आले आणि १८२४ मध्ये इंग्रज. या साऱ्यांच्या खुणा आजच्या मलाक्कात शेजारी शेजारी आहेत. सोनारांच्या जुन्या आळीत १७८१ चे विनायकाचे मंदिर आहे, त्याच्याजवळच १७४८ ची कांपुंग क्लिंग मशीद आणि पुढे चेंग हून तेंग हे देशातील सर्वांत जुन्या चिनी देवालयांपैकी एक. मशिदीचा मिनार चिनी पॅगोड्याच्या घाटाचा आहे आणि छप्पर तीन टप्प्यांचे, जावाच्या पद्धतीचे. विनायकाचे मंदिर चिट्टी समाजाचे. हे जुन्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. त्यांची मातृभाषा आता मलय आहे, जेवण-पोशाखही पुष्कळसा मलय, पण धर्म शैव. चिनी पुरुष आणि स्थानिक चालीरीती यांच्या मेळातून झालेला बाबा-न्योन्या समाज, पोर्तुगीज रक्ताचा ख्रिस्ती समाज, हेही याच गावचे. या आळ्या पाहण्यास एक पैही लागत नाही. पाय तेवढे शाबूत हवेत.

उत्तरेकडील पिनांग बेटावरही असेच चित्र आहे. आगगाडीने बटरवर्थला उतरून दोन रिंगिटांत नावेने पलीकडे जाता येते. १७८६ मध्ये इंग्रजांनी वसवलेल्या जॉर्जटाउन गावातील एकाच रस्त्यावर व त्याच्या लगत १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, करुणादेवी ग्वानयिनचे देऊळ, १८३३ चे महामारियम्मन मंदिर आणि १८०१ ची कपितान केलिंग मशीद आहे. मलाक्का आणि जॉर्जटाउन या दोन्ही शहरांना मिळून २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्या गुणासाठी तो मिळाला, तो एखाद्या भव्य इमारतीचा नाही. निरनिराळ्या लोकांनी एका गावात दीर्घकाळ राहून जे उभे केले, त्याचा आहे.

परंतु एवढेच पाहून परतणारा प्रवासी अर्धाच देश पाहून येतो. १० मे १९६९ रोजी मलेशियात सार्वत्रिक निवडणूक झाली आणि तीनच दिवसांनी, १३ मे रोजी, राजधानीत मलय आणि चिनी समाजांत दंगल पेटली. सरकारी आकड्यानुसार १९६ माणसे मेली. घरे-दुकाने जळाली, आणीबाणी आली, संसद फेब्रुवारी १९७१ पर्यंत बंद राहिली. ज्या रस्त्यांवरून प्रवासी आज रात्रीच्या बाजारात निर्धास्त फिरतो, त्यांवर तेव्हा सैन्याचा पहारा होता.

कारण पैशात होते. गावोगावच्या व्यापारावर चिनी समाजाची पकड, मोठे मळे व खाणी परदेशी कंपन्यांच्या हाती, आणि बहुसंख्य मलय शेतकरी व कोळी दरिद्री. दंगलीनंतर १९७० मध्ये राष्ट्राची पाच तत्त्वे जाहीर झाली आणि १९७१ पासून नवे आर्थिक धोरण लागू झाले. ‘भूमिपुत्रां’ना शिक्षणात, नोकरीत, भांडवलात खास वाटा देण्याचे ते धोरण होते, १९९० पर्यंत कंपन्यांच्या भागभांडवलात त्यांचा हिस्सा तीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरले. ‘भूमिपुत्र’ हा शब्द महाराष्ट्राला परका नाही, म्हणून तेथील वादही मराठी माणसास लवकर समजतात. या धोरणाने मलय समाजातून मोठा मध्यमवर्ग उभा राहिला आणि दारिद्र्य बरेच हटले. दुसऱ्या बाजूस, आपल्या मुलांना गुणांनुसार संधी मिळत नाही, अशी खंत चिनी आणि भारतीय घरांत राहिली. कितीतरी मुले सिंगापूरला, ऑस्ट्रेलियाला गेली. मळे मोडले तेव्हा तेथील गरीब तमिळ मजुरांचे निवारेही गेले.

समाजांमधल्या भिंतीही आहेतच. मुसलमान व्यक्तीशी लग्न करायचे, तर दुसऱ्या पक्षाला धर्म बदलावा लागतो, असा कायदा आहे. मुले पुष्कळदा आपापल्या भाषांच्या शाळांत जातात. सरकारी व्यवस्थेत तमिळ माध्यमाच्या पाचशेहून अधिक आणि चिनी माध्यमाच्या बाराशेहून अधिक प्राथमिक शाळा आहेत. म्हणजे मलेशियातील लोक एकमेकांत विरघळून गेले आहेत, असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांनी अंतरे ठेवली आहेत, आणि ती अंतरे ठेवूनही एकत्र बसण्याच्या जागा राखल्या आहेत.

अशा जागांत पहिला मान तमिळ मुसलमानांच्या ‘मामाक’ चहादुकानांचा. चिनी खानावळीत मलय माणूस सहसा पाय ठेवीत नाही, कारण तेथे हलालची खात्री नसते. मामाककडे मात्र सगळे येतात. मध्यरात्रीही उघड्या असलेल्या या दुकानांत एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतलेला फेसाळ चहा दोन-तीन रिंगिटांत मिळतो, आणि शेजारच्या मेजांवर तिन्ही वंशांची मंडळी एकच फुटबॉल सामना पाहत ओरडत असतात. दुसरी जागा सणांची. ईद, चिनी नववर्ष, वेसाक, नाताळ यांना देशभर सुट्टी असते, आणि सारावाक सोडून सर्वत्र दिवाळीलाही. सणाच्या दिवशी घराचे दार उघडे ठेवून शेजारी-सहकाऱ्यांना जेवायला बोलावण्याची तेथे रीत आहे. समंजस यजमान पाहुण्याचा नेम आधी विचारून घेतो व मेजावर त्याप्रमाणे निराळी भांडी मांडतो. आपला नेम सोडायचा नाही आणि दुसऱ्याचा मोडायला लावायचा नाही, या एका शिस्तीवर ते जेवण निर्विघ्न पार पडते. कडक आहारनियम पाळणाऱ्या जैन माणसाला ही शिस्त फार मोलाची वाटते, कारण तिच्यात त्याच्या ताटालाही जागा आहे.

आठ-दहा दिवसांच्या अशा प्रवासाचा जमाखर्च मांडला, तर खर्चाच्या बाजूला विमानाचे भाडे सोडून फारसे काही उरत नाही. सामायिक खोलीतील खाट, बस-लोकलचे तिकीट, भात-भाजीचे ताट आणि चहा, बस्स. जमेच्या बाजूला काय लिहावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बाळापूरच्या माणसाने मात्र एक रक्कम विसरू नये. त्याच्याही बाजारात तूर घेऊन येणारा शेतकरी, ती तोलणारा मापारी, पोते उचलणारा हमाल, ट्रक हाकणारा ड्रायव्हर आणि माल घेणारा अडत्या हे निरनिराळ्या समाजांचे असतात. एखाद्या अफवेने दुकानांची शटर दुपारीच खाली येतात, तेव्हा त्या दिवसाची मजुरी या साऱ्यांचीच बुडते, आणि गेलेला विश्वास परत यायला त्यापेक्षा पुष्कळ अधिक दिवस लागतात. मलाक्काने ही गोष्ट १५११ मध्ये अनुभवली, कुआला लंपूरने १९६९ मध्ये. दोघांनाही तो धडा फार महाग पडला. काटकसरी माणसाने तो दुसऱ्याच्या खर्चावर शिकून घ्यावा.